रंगमंचावरचे खोटे खांब: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रीच्या नाटकांचा हंगाम लागतो. शाळांची स्नेहसंमेलनंही त्याच्या मागोमाग येतात. नेपथ्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी खांबांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: मंडईच्या रात्री आमचं मंडळ दरसाल नाटक करते. यंदा वाड्याचा देखावा आहे, १० फुटांचे ४ खांब लागतात. मागे थर्माकोलचे केले होते, ते गाडीतून नेतानाच तुटले. आता कशाचे करायचे? बांबू मिळून जातो. सगळं सामान ७ फुटी हौद्याच्या छोट्या गाडीत मावलं पाहिजे, एवढं सांगा जी.
– नाट्यमंडळाचे कार्यकर्ते, ता. देसाईगंज

उत्तर: थर्माकोल सोडलात हे बरंच झालं. २०१८च्या अधिसूचनेपासून महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आहे. शिवाय ते चटकन पेटतं, आणि नाटकात दिवे तर जवळच असतात. तुमच्याकडे बांबू आहे, त्याच्याइतकं हलकं आणि चिवट दुसरं काही शोधू नका.

आधी खांब कुठला ते ठरवा. वाड्याचा खांब म्हणजे खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, माथ्याशी दोन्ही बाजूंना फुटलेले हस्त आणि त्यांवर आडवी तुळई. बिछायत केंद्रात लग्नाच्या स्टेजचे पांढरे, पानाफुलांच्या माथ्याचे रोमन खांब भाड्याने मिळतात. ते पाटलाच्या वाड्यात उभे केले की पहिल्या प्रवेशातच देखावा खोटा पडतो. आयते मिळतात म्हणून ते घेऊ नका.

खांब पूर्ण गोल करायची गरज नाही, प्रेक्षकांना पाठ दिसत नाही. अर्धगोल केला तर सामान निम्मं लागतं आणि चारही खांब गाडीत सपाट पाठीवर टेकवता येतात. एका खांबाचे तीन तुकडे करा: १८ इंच उंच तळखडा, साडेसहा फुटांचा मधला खांब, आणि २ फुटांचा माथा-हस्त. ७ फुटांच्या वर कुठलाच तुकडा जात नाही.

मधल्या खांबाला १२ मिमी प्लायच्या ६ अर्धचकत्या कापा. सगळ्यात खालची १२ इंच व्यासाची, सगळ्यात वरची ९ इंचांची, मधल्या चार क्रमाने लहान होत गेलेल्या. सुताराच्या एक बाय दोन इंची दोन रिपा पाठीमागे उभ्या घ्या आणि साडेपंधरा इंचांच्या अंतराने चकत्या त्यांवर स्क्रूने बसवा. पुढच्या गोलाईवर बांबूच्या इंचभर रुंदीच्या ९ कमच्या उभ्या लावा. कमच्यांची हिरवी साल आत आणि पोट बाहेर ठेवा, कारण सालीला मैद्याची खळ धरत नाही. पेरांच्या गाठी तासून घ्या, नाहीतर रंगवल्यावरही खांबावर टेंगळं दिसतात. वाळल्या कमचीत थेट चूक (बारीक खिळा) ठोकली तर कमची लांबवर उभी चिरते. कमच्या रात्रभर भिजवा, बारीक गिरमिटाने भोक पाडा आणि मगच पाऊण इंची चूक मारा. तेवढा वेळ नसेल तर बाइंडिंग तारेने बांधा, चालतं.

आता सगळ्यांची होते ती चूक. सांगाड्यावर थेट कापड ताणतात. ते दोन कमच्यांच्या मध्ये आत बसतं आणि बाजूने दिवा पडला की खांबाच्या बरगड्या मोजता येतात. म्हणून कापडाआधी नालीदार पुठ्ठ्याचा रोल गुंडाळा, त्याच्या नाल्या खांबाला समांतर, म्हणजे उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर पुठ्ठा गोल वळण्याऐवजी मोडतो. त्यावर रद्दी वर्तमानपत्राचे दोन थर आणि शेवटी मांजरपाट. एका दिवशी एकच थर लावायचा आणि उन्हात कडक वाळू द्यायचा. तिन्ही थर एकाच दुपारी चढवले की खळीच्या ओलीने पुठ्ठा लोळागोळा होतो आणि मग तो सरळ होत नाही.

३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट एका खांबाला सव्वादोन मीटर, चौघांना ९ मीटर लागतो. खाली अर्धा घेर १९ इंच, वर १४. दोन्ही कडांना दोन-दोन इंच मुडपायला धरा. उरलेली पट्टी तळखड्याला कामी येते.

खळ अशी करा: पाव किलो मैदा अर्धा लिटर गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. दीड लिटर पाणी उकळत ठेवून त्यात तो ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा. उतरवल्यावर चमचाभर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम फेविकॉल घाला. मोरचूद नसेल तर उंदीर आणि झुरळं खळीपायी पुठ्ठा कुरतडतात. पण मोरचूद विष आहे. खळ स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर मोरचूद घालूच नका, ते भांडं खातं. जुन्या प्लास्टिकच्या बादलीत मिसळा आणि उरलेली खळ गुरं-कोंबड्या पोचतील अशी टाकू नका.

हस्तांसाठी १२ मिमी प्लाय कापून कडेला काथ्याची दोरी चिकटवली की कोरीव कामाचा भास होतो. केळफुलाची झुलती कळी करायची असेल तर बांबूच्या छोट्या टोपलीवर कागद चढवा.

प्रश्न: खांब उभे कसे करायचे? आमची नाटकं वावरात राहतात. फेब्रुवारीत वावटळ आली की मागचा पडदासुद्धा फडफडते.
– रंगमंच व्यवस्था पाहणारे वाचक, ता. साकोली

उत्तर: याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण खांब पडून माणूस जखमी होऊ शकतो.

१० फूट उंच आणि सरासरी फूटभर रुंद खांबावर ताशी ४० किमीचा वारा आला, तर त्याचा सुमारे ७ किलोचा रेटा बसतो आणि तो मधोमध, म्हणजे ५ फुटांवर बसतो असं धरायचं. तळखडा १८ इंच चौरस असेल, तर खांब उलटायला कडेपासून मध्यापर्यंतचे ९ इंचच आडवे येतात. नुसत्या वजनाने तो रेटा अडवायचा, तर तळाशी एकूण सुमारे ४८ किलो हवेत. खांब स्वतः १० किलोच्या आसपास. म्हणजे प्रत्येक तळखड्यात वीस-वीस किलोची दोन पोती, आणि तीही जेमतेम.

त्याऐवजी ८ फुटांवर मागे आधार दिला, तर त्या आधाराला फक्त साडेचार किलोचा ताण झेलावा लागतो. म्हणून दोन्ही करा: पोती ठेवा आणि मागून बांधाही. आधार दोरीचा नको. दोरी ओढून धरते, ढकलून धरत नाही. समोरून वारा आला की ती सैल पडते आणि खांब मागे जातो. बांबूचा टेकू दोन्ही टोकांना घट्ट बांधा, तो दोन्हीकडून धरतो. मागचं टोक जमिनीत गाडलेल्या बल्लीला (जाड लाकडी वाशाला) बांधा. पडद्याच्या पाइपाला बांधलं तर पडद्यावरचा वारा खांबाला ओढतो.

वाळू गाडीत वाहू नका. रिकामी पोती न्या, माती गावातच भरा. तळखडा मागून उघडा ठेवला की पोती आत सरकवता येतात. तुकडे एकमेकांत बसवायला ३/८ इंची बोल्ट आणि हाताने पिळायचे विंग नट वापरा, प्रत्येक जोडाला दोन. एकाच बोल्टावर खांब फिरतो. चुकांनी ठोकलेले जोड तिसऱ्या-चौथ्या गावाला ढिले पडतात.

प्रश्न: खलनायक नायिकेला खांबाला बांधतो असा प्रवेश आहे. बांबूचा खांब धरेल का?
– एक दिग्दर्शक, ता. आरमोरी

उत्तर: नाही. नट झटापट करतो, अंग टाकतो. ज्या खांबाला हात लागणार, तो एक खांब आतून खरा करा. दीड-दोन इंची लोखंडी पाइप किंवा जाड बल्ली जमिनीत निदान २ फूट गाडून भोवती माती ठोकून बसवा आणि तिच्यावर हा अर्धगोल चढवा. स्टेज फळ्यांचं असेल तर पाइप फळीला नाही, खालच्या चौकटीला बांधा. पाठीला टोचतील अशी चुकांची टोकं वळवून टाका. इतर खांब हलकेच राहू द्या, आणि त्यांना टेकायचं नाही हे तालमीतच सर्वांना सांगा.

प्रश्न: आमच्या शाळेच्या संमेलनात मार्कंडा देवस्थानावर छोटं सादरीकरण आहे. देवळाचे खांब मुलांकडून पुठ्ठ्याचे करून घ्यायचे आहेत. आकार कसा घ्यावा?
– शिक्षिका, ता. चामोर्शी

उत्तर: विषय तुमच्या अंगणातला आहे. वैनगंगेच्या काठी मुलांना एकदा घेऊन जा आणि प्रत्येकाला एकाच खांबाचं चित्र काढायला सांगा. काय बघायचं तेही सांगून ठेवा: जुन्या दगडी देवळांतला खांब खालपासून वरपर्यंत एका आकाराचा सहसा नसतो. खाली चौरस, मग अष्टकोनी, वर गोल वळी आणि सगळ्यात वर तुळई पेलणारा पसरट माथा, अशी त्याची सर्वसाधारण चढण असते. हे आकार बदलत गेले की मुलांचं साधं कामसुद्धा देऊळ म्हणून ओळखू येतं.

७ फुटांचा खांब पुरे. खाली ३ फूट चौरस खोका, १२ इंच बाजूचा. त्यावर २ फूट अष्टकोन. तो असा: १२ इंचांच्या चौकोनाच्या प्रत्येक कडेवर दोन्ही कोपऱ्यांपासून साडेतीन इंच मोजून खुणा करा आणि त्या तिरक्या जोडा, आठही बाजू ५ इंचांच्या येतात. म्हणजे ४० इंच रुंद पुठ्ठा घेऊन ५-५ इंचांवर बोथट सुरीने अर्धवट चीर द्या आणि घडी घाला, शिवाय चिकटवायला इंचभर जास्त ठेवा. वर फूटभर गोलाकार भाग: पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कमी-जास्त व्यासाच्या एकावर एक चिकटवा, कडा दिसू द्या, त्याच वळ्या होतात. माथ्याला बुरुडाकडची फूटभराची टोपली पालथी घाला. नक्षीला सुतळी, डाळी, चिंचोके, जे हाताशी असेल ते फेविकॉलने चिकटवा. मोठी मुलंच सुरी धरतील असं बघा.

खोक्याच्या आत दोन पुठ्ठे एकमेकांत फुलीसारखे अडकवून उभे ठेवा, नाहीतर वरच्या वजनाने चौरस पिचतो. रंग राखाडी-तपकिरी डिस्टेंपरचा, तीन छटांत, फाटक्या स्पंजने टिपून. खांब मागच्या भिंतीला किंवा मंडपाच्या बांबूला बांधल्याशिवाय मुलांना स्टेजवर सोडू नका.

प्रश्न: बंगल्याच्या देखाव्यासाठी सपाट प्लायवर पन्हाळी (उभ्या खाचांचे) खांब रंगवले. दिवसा झकास दिसतात, रात्री दिवे लागले की नुसते पट्टे वाटतात. कुठं चुकतं?
– पडदे रंगवणारे, ता. ब्रह्मपुरी

उत्तर: बहुधा तीन जागी.

पहिली जागा सावलीची. सपाट फळी गोल दिसते ती फक्त उजेड-सावलीमुळे, आणि बरेच रंगारी सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला ओढतात. खऱ्या गोल खांबाकडे नीट बघा. उजेड डावीकडून येत असेल तर खांबाच्या रुंदीचे ८ भाग करा: सगळ्यात उजळ पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या भागात, मूळ रंग चौथ्या-पाचव्यात, सगळ्यात गडद सहाव्या-सातव्यात, आणि आठव्यात पुन्हा जरा फिका. त्या शेवटच्या फिक्या कडेनेच खांब मागे वळल्यासारखा वाटतो. आजूबाजूच्या भिंतीवरून परतलेला उजेड असतो तो. आणि स्टेजवरच्या सगळ्या खांबांची सावली एकाच बाजूला ठेवा. दोन पार्ट्या वेगवेगळ्या खांबांवर बसल्या की हे हमखास चुकतं, म्हणून प्रत्येक फळीच्या मागे बाण काढून ठेवा. माथ्याच्या लगेच खाली दोन-तीन इंचांचा गडद पट्टा द्या, माथा पुढे आल्यासारखा वाटतो.

दुसरी जागा पन्हाळ्यांची. त्या तुम्ही सारख्या अंतरावर काढल्या असणार. युरोपी पद्धतीच्या आयोनिक आणि कोरिंथियन खांबांना भोवती २४ पन्हाळ्या असतात, म्हणजे समोरून १२ दिसतात, पण गोलाईमुळे कडेच्या अरुंद आणि मधल्या रुंद दिसतात. १२ इंच रुंद खांबाला कडेपासून मध्यापर्यंत रुंदी साधारण अशी येते: ०.२, ०.६, १, १.२५, १.४५, १.५५ इंच, पुढे हीच माळ उलटी. आकडे लक्षात ठेवायचे नसतील तर जमिनीवर १२ इंच व्यासाचं अर्धवर्तुळ काढा, कोनमापकाने १५-१५ अंशांच्या खुणा करा आणि त्या खुणा गुण्याने सरळ खाली व्यासाच्या रेघेवर उतरवा. कडेची पहिली पन्हाळी वेगळी रंगवू नका, ती सावलीत जाते. प्रत्येक पन्हाळीत उजेडाकडची बाजू गडद आणि पलीकडची उजळ, कारण ती आत खोल आहे. इथे बोट उलटं पडलं की पन्हाळी फुगून दोरीसारखी दिसते.

खांबावरच्या वळ्या सरळ रेघेत काढू नका. प्रेक्षक जमिनीवर बसून वर बघतात, त्यांच्या नजरेच्या रेषेच्या वरच्या वळ्या कमानीसारख्या वर फुगलेल्या दिसतात. जितकी उंच वळी, तितकी जास्त कमान.

तिसरी जागा दिव्यांची. सावलीत निव्वळ काळा वापरू नका, पिवळ्या दिव्यात तो मळकट दिसतो. अंबर (गडद तपकिरी) स्टेनरमध्ये थोडा निळा मिसळून सावली करा. स्वस्त एलईडी पारचा (रंगीत झोताच्या दिव्याचा) लाल उजेड पडला की गेरूच्या रेघा पांढऱ्यात विरघळून जातात, निळ्यात सागवानी तपकिरी काळी पडते. म्हणून फूटभर प्लायवर चार छटा लावून, त्याच दिव्यांत, रात्री, ४० फुटांवरून बघा आणि मगच रंग कालवा. पाव इंचाची रेघ ४० फुटांवर जवळजवळ हरवते. अर्धा इंच ही खालची मर्यादा समजा. ऑइलपेंट टाळा, त्याच्या चकाकीने केलेली सगळी सावली पुसली जाते.

प्रश्न: शेतातले पीव्हीसी पाइप पडून आहेत, तेच खांब म्हणून चालतील?
– एक शेतकरी, ता. वरुड

उत्तर: १० फुटी खांबाला नाही. ११० मिमीचा पाइप सव्वाचार इंचांचा, एवढ्या उंचीला तो काठीसारखा दिसतो. ३ फुटांपर्यंतच्या कठड्याच्या छोट्या खांबांना उत्तम. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच रंग द्या, गुळगुळीत पाइपावरचा डिस्टेंपर पापुद्र्यासारखा निघतो. रंगवलेला पाइप पुन्हा पाण्याला वापरायचा असेल तर रंगवूच नका, बाहेरून पुठ्ठा गुंडाळा. आणि उंच खांबाला आतला कणा हवा असेल तर फ्लेक्स छपाईच्या दुकानात रिकाम्या रोलचे पुठ्ठ्याचे नळे विचारा, ते चांगले टणक असतात.

प्रश्न: शारदोत्सवाच्या मंडपात कापडाचे खांब आहेत आणि आत दिवे लावायचे आहेत. आगीची भीती वाटते.
– मंडळाच्या सचिव, ता. आर्णी

उत्तर: भीती रास्त आहे. आत बल्ब किंवा हॅलोजन नको, फक्त एलईडी पट्टी. आणि तिचा अडॅप्टर खांबाबाहेर, उघड्या हवेत. बाहेरचे हॅलोजन कापडापासून निदान ३ फूट दूर, वायरीचा जोड खांबाच्या आत एकही नको.

सुती कापड आणि बिनरंगी बांबू-लाकडाला जुना, खात्रीचा उपाय आहे: १० लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ५०० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कापड त्यात बुडवून, हलकं पिळून, सावलीत वाळवा. रंग त्यानंतर. मग त्याच कापडाची बोटभर पट्टी मंडपापासून दूर, चिमट्यात धरून काडी लावून बघा. काडी काढल्यावर ज्योत विझली पाहिजे. पट्टी पेटत राहिली तर कापड पुन्हा बुडवा. नायलॉन, पॉलिस्टर, सॅटिनवर हा उपाय चालत नाही, ते वितळून थेंब थेंब गळतं. पाणी लागलं की हे क्षार धुऊन जातात, तेव्हा पावसात भिजलेलं कापड पुन्हा बुडवावं लागतं. एवढं केलं तरी कापड अजिबात जळत नाही असं समजू नका. वाळूच्या दोन बादल्या खांबांजवळ आणि मेन स्विचपाशी एक जाणता माणूस हवाच.

प्रश्न: दव पडून खांब मऊ होतात आणि पुढच्या हंगामापर्यंत बांबूला भुंगा लागतो. काय करावं?
– नेपथ्यकार, ता. सिंदेवाही

उत्तर: दव बाहेरून कमी, खालून जास्त आत शिरतं. तळखडा थेट मातीवर ठेवू नका, खाली दोन विटा किंवा प्लास्टिकचा तुकडा सरकवा. पुठ्ठ्याची खालची कापलेली कड पाणी ओढते; तिच्यावर कापड दुमडून फेविकॉलने बंद करा. बाहेरून ऑइलबाउंड डिस्टेंपर साध्यापेक्षा टिकतो. प्रयोग संपला की ओले खांब एकावर एक रचून गाडी भरायची घाई होते, तिथेच निम्मे खांब खराब होतात. सकाळी तासभर ऊन दाखवा, मग भरा.

भुंग्याचं म्हणाल तर तो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी येतो. कोवळा बांबू घेऊ नका, निदान तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्या. चिरण्याआधी नाल्यात किंवा तळ्यात पूर्ण बुडवून काही आठवडे ठेवा, वर दगड टाका, मग सावलीत वाळवा. हंगाम संपला की खांबांखाली बारीक पिवळसर भुकटी पडते का ते बघा. दिसली तर ती कमची लगेच काढून जाळा, भुंगा शेजारच्या कमच्यांत जातो. साठवताना खांब आडवे, जमिनीपासून वर, आढ्याला दोन ठिकाणी टांगून ठेवा. उभे ठेवले तर उधई खालून चढते, आणि एकावर एक रचले तर सगळ्यात खालचा चपटा होतो.